मन परत आणण्याची सोय : अवधानाच्या अभ्यासाची प्रस्तावना

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे आपण ज्याला पांडवलेणी म्हणतो तिथे, दहाव्या लेण्यात एक हिशेब कोरलेला आहे. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि सोबत ३००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. त्यातले २००० गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या दराने. उरलेले १००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला कधी हात लावायचा नाही, व्याज तेवढं वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून, या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावेत, असं लेखात म्हटलं आहे. गणित करून पाहा. २००० वर वर्षाचं व्याज २४० होतं, आणि वीस गुणिले बारा हेही २४०च. एक नाणं इकडे नाही की तिकडे नाही.

आर्थिक इतिहासाचे अभ्यासक हा लेख बँकेच्या पूर्वजाचा पुरावा म्हणून वाचतात, आणि त्यात काही चूक नाही. पण मन एका जागी ठेवण्याच्या विद्येत जो नव्याने पाऊल टाकतो आहे, त्याच्या हातात मी योगसूत्रांच्या आधी हा हिशेब देईन. पावसाळाभर डोंगरात बसलेल्या माणसाचं मन कुठे कुठे जाईल? अंगावरचं वस्त्र फाटलं तर काय, पुढच्या महिन्याचं काय, दाता फिरला तर काय. उषवदाताच्या ठेवीने यातल्या निदान एका वाटेवर फाटक लावलं. त्या भिक्षूंनी तिथे बसून नेमकं काय केलं हे शिलालेख सांगत नाही. ते बसू शकावेत म्हणून गोवर्धनात कोणीतरी मागावर बसलेलं होतं, हे मात्र तो स्वच्छ सांगतो.

या पुस्तकाची भूमिका इथूनच निघते. एकाग्रता हा एकट्या माणसाचा पराक्रम आहे असं आपल्याला शिकवलं जातं. मूठ आवळली, दात-ओठ खाल्ले की मन जाग्यावर येतं, आणि ज्याचं येत नाही तो आळशी किंवा दुबळा. नाशिकच्या पंचक्रोशीतले पुरावे एकापुढे एक ठेवले तर वेगळं चित्र दिसतं. मन भटकणारच हे ज्यांनी आधीच धरून ठेवलं आणि त्याला परत आणण्याची सोय ज्यांनी केली, त्यांचंच जमलेलं आहे. सोय म्हणजे जागा, वेळ, जेवणाची व्यवस्था, मोजायला काहीतरी आणि बहुतेक वेळा आणखी एखादं माणूस.

या क्षेत्राची हद्द आखणं अवघड आहे. इथे मानसशास्त्रज्ञ येतात, मेंदूवैज्ञानिक येतात, योगाचे आणि बौद्ध विद्येचे अभ्यासक येतात, वैतागलेले शिक्षक आणि त्याहून वैतागलेले पालक येतात. बुद्धिबळवालेही येतात, आपल्या नाशिकच्या विदित गुजराथीने २०२३ साली ग्रँड स्विस स्पर्धा जिंकली तेव्हापासून तर गावातले पालक मुलाला पटासमोर बसवताना ‘एकाग्रता वाढते’ हेच कारण सांगतात. ते कितपत खरं आहे याकडे पुढे येऊ. यातल्या प्रत्येकाची परिभाषा वेगळी आहे आणि प्रत्येकाला दुसरा जरा भाबडा वाटतो. नव्या वाचकाने याने बिचकू नये. प्रश्न सगळ्यांचा एकच आहे आणि तो जुना आहे. मोबाइलने मन बिघडवलं हे वाक्य आपण रोज ऐकतो, पण गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाला वाऱ्यासारखं आवरायला कठीण म्हणतो तेव्हा त्याच्या हातात मोबाइल नव्हता. पतंजलीने चित्ताला विचलित करणाऱ्या नऊ अडथळ्यांची यादी दिली आहे. आजार, आळस, शंका, सगळं त्यात आहे. मोबाइलने इतकंच केलं की आपल्या भटकण्याला बाजारभाव मिळवून दिला.

पंचवटीत राहून या विषयावर लिहिणाऱ्याकडून एक अपेक्षा असते ती आधीच मोडून टाकतो. कांचनमृगाची गोष्ट इथलीच. सीतागुंफेबाहेर रांगेत उभं राहिलं की कोणी ना कोणी ती सांगतंच आणि कीर्तनात तर ती मनाच्या चंचलतेवरचा हुकमी दाखला आहे. मी तो दाखला वापरणार नाही. हरणाच्या गोष्टीत मन एकदा जातं आणि सर्वनाश होतो. खरं मन दिवसात शेकडो वेळा जातं आणि बहुतेक वेळा काहीच होत नाही, ते आपलं आपण परत येतं. या विद्येला रस आहे तो त्या परत येण्यात.

म्हणून हरणामागे न जाता गोदावरीच्या काठाकाठाने टाकळीला चला. आता त्याला आगर टाकळी म्हणतात. नासर्डी, म्हणजे जुन्या कागदांतली नंदिनी, तिथे गोदावरीला मिळते. परंपरा सांगते की १६०८ साली जांब गावी जन्मलेला नारायण ठोसर लग्नाच्या मांडवातून निघून, वयाच्या बाराव्या वर्षी इथे पोचला आणि पुढची बारा वर्षं राहिला. तोच पुढे समर्थ रामदास झाला. या काळाची माहिती आपल्याला मुख्यतः संप्रदायाच्या नंतरच्या चरित्रांतून आणि बखरींतून मिळते, त्यामुळे प्रत्येक तपशील दगडावरच्या अक्षरासारखा धरता येत नाही. तरी या चरित्रांनी जपलेला दिनक्रम अभ्यासकाने बारकाईने पाहावा असा आहे. सूर्योदयापासून मध्यान्हीपर्यंत नदीच्या पाण्यात उभं राहून त्रयोदशाक्षरी मंत्राचा जप. मग पंचवटीत येऊन माधुकरी. दुपारनंतर देवळातलं पुराणश्रवण, ग्रंथांचं वाचन, लेखन. समर्थांच्या हातची मानली जाणारी वाल्मीकी रामायणाची प्रत आज धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी आणि त्यांच्या सत्कार्योत्तेजक सभेने संप्रदायाची बाडं गावोगाव हिंडून गोळा केली, त्यातलं हे धन.

भक्त या दिनक्रमात तप पाहतो. मला त्यात रचना दिसते. वाहत्या पाण्यात उभ्या माणसाला डुलकी लागत नाही. लागली तर पाणीच जागं करतं. तेरा अक्षरांचा मंत्र एका श्वासात आरामात बसतो, म्हणून श्वास आणि शब्द एकमेकांना धरून राहतात. जपाची मोजदाद आहे, म्हणून मन कुठे सुटलं ते कळायला जागा आहे. दुपारी काय खायचं हा प्रश्नच नाही, कारण झोळीत पडेल ते. आणि दिवसाचा दुसरा भाग पहिल्यासारखा नाही: ऐकणं, वाचणं, उतरवून काढणं. सलग सोळा तास एकाच बिंदूवर मन रोवण्याचा अट्टाहास यात कुठे नाही. बारा वर्षं टिकायचं असेल तर असाच दिवस आखावा लागेल.

संख्येचं काय? परंपरा तेरा कोटी जप सांगते. बारा वर्षांचे दिवस साधारण ४३८३ होतात. म्हणजे रोज जवळपास तीस हजार. पाण्यातले सहा तास धरले तर त्याचे २१,६०० सेकंद. सेकंदाला एकाहून अधिक मंत्र झाला तरच हिशेब बसतो, नाहीतर जप पाण्याबाहेरही चालू राहिला असं धरावं लागतं. भाविकांना हा हिशेब उद्धट वाटेल आणि शंकेखोरांना पुरावा वाटेल. मला दोन्ही वाटत नाही. मोठी संख्या समोर ठेवली की रोजच्या रोज यश-अपयश तपासण्याची खोड सुटते. आज मन लागलं का, हा प्रश्न तेरा कोटींपुढे फार लहान होतो. आज संख्या झाली का, एवढंच उरतं. साधकाच्या बाजूने पाहिलं तर ही मोठी सुटका आहे.

आणि माधुकरी. पंचवटीच्या ज्या घरांनी बारा वर्षं त्या पोराच्या झोळीत भाकरी घातली, त्यांची नावं कोणत्याही बखरीत नाहीत. चुलीपुढे बसलेल्या बाईचं अवधान, कालवण उतू जाऊ न देता, पोरं सांभाळत, दाराशी आलेल्याला ओळखणारं, हे याच विद्येचं एक अंग आहे आणि त्याचा अभ्यास जवळजवळ शून्य आहे. समर्थांनी पुढे मनाला उद्देशून २०५ श्लोक रचले; शिष्यांनी भिक्षेला जाताना म्हणावेत म्हणून ते रचले गेले, असं संप्रदायात सांगतात. तसं असेल तर महाराष्ट्रात मनाला समजावण्याचा सर्वांत लोकप्रिय ग्रंथ भाकरी मागण्याच्या वाटेवर पाठ झाला.

इथून थोडं मागे, १२९० सालाकडे जाऊ. ज्ञानेश्वरांचे गुरू आणि थोरले बंधू निवृत्तिनाथ यांची समाधी त्र्यंबकेश्वरी, गोदावरीच्या उगमाशी आहे. त्यामुळे ज्ञानेश्वरीला नाशिकच्या पाहुण्यांत धरायला हरकत नाही. तिच्या सहाव्या अध्यायातला कुंडलिनीचा भाग सगळे काढून वाचतात. मी नव्या वाचकाला त्याच्या आधीचा, आसनासाठी जागा कशी असावी हे सांगणारा भाग वाचायला सांगतो. मूळ गीतेत ‘शुद्ध जागा’ एवढंच आहे. ज्ञानेश्वर त्यावर ओव्यांमागून ओव्या खर्च करतात: पाणी, सावली, पाखरं, गर्दी फार नाही आणि अगदीच निर्जनही नाही. जागा अशी की सहज वाटेने जाणाऱ्या पाखंड्यालाही इथे बसावंसं वाटेल. मन आवरण्याआधी मनाला आवडेल असं ठिकाण शोधा, हा सल्ला आजच्या भाषेत परिसराची रचना म्हणून दिला जातो आणि त्याचे पैसे घेतले जातात. त्याच अध्यायात पुढे ज्ञानेश्वर मनाचा एक चांगला गुणही दाखवतात. ज्याची गोडी लागते तिथे ते चटावतं. चंचलतेचं मूळ आणि स्थैर्याचा उपाय एकाच स्वभावात आहे, ही फार सूक्ष्म गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली आहे.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. सहाव्या अध्यायावर बोलताना विनोबा एकाग्रतेला एकटं सोडत नाहीत. आयुष्याला माप असणं आणि सगळ्यांकडे सारख्या नजरेने पाहणं, या दोन गोष्टी तिच्या सोबतीला देतात. खाणं, बोलणं, पाहणं यांना माप नसेल तर घटकाभर डोळे मिटून काय होणार? तुरुंगात हे सांगणं सोपं होतं असं कोणी म्हणेल. तिथे माप दुसऱ्याने घालून दिलेलं असतं. साने गुरुजींनी पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहून काढली. तुरुंग चांगला, असा याचा अर्थ कोणी लावू नये. पण भिंती, ठरलेलं जेवण आणि बाहेरच्या जगाचा तुटवडा यांनी लेखनाला काय केलं, हा प्रश्न लाजून टाळण्याचंही कारण नाही.

पंचवटीतल्या वेदपाठशाळांकडे मी तिसऱ्या एका कारणासाठी बोट दाखवतो. वेद पाठ करण्याच्या ज्या आठ विकृती आहेत, त्यांतला घनपाठ घ्या. दोन शब्द असतील तर क्रमाने, मग उलटे. मग तिसरा जोडून तिन्ही सुलटे, तिन्ही उलटे, पुन्हा तिन्ही सुलटे. आकड्यांत मांडलं तर एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. मग एक शब्द पुढे सरकून तेच. हे सूत्र पाठ जसाच्या तसा टिकावा म्हणून निघालं, पण त्याचा दुसरा परिणाम असा की म्हणणाऱ्याचं मन सुटलं की चूक ताबडतोब कानावर येते. त्याच्या स्वतःच्या नाही आली तर समोर बसलेल्या गुरुजींच्या येतेच. नुसत्या सरळ घोकंपट्टीत तोंड एकीकडे आणि मन बाजारात असं तासभर चालू शकतं. घनात ते दोन ओळीही चालत नाही. साधन असं हवं की भटकणं लपणार नाही.

आता प्रयोगशाळेकडे. विल्यम जेम्स यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात अवधानावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आणि भटकलेलं मन पुन्हा पुन्हा, आपल्या इच्छेने माघारी आणण्याची शक्ती वाढवणारं शिक्षण हेच खरं शिक्षण ठरेल, अशा अर्थाचं मत मांडलं. ते कसं द्यायचं हे मात्र सांगणं कठीण, असंही त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं. मग दुसऱ्या महायुद्धात प्रश्न निकडीचा झाला: रडारवर बसलेल्या माणसाला शत्रूची खूण का चुकते? नॉर्मन मॅकवर्थ यांनी घड्याळासारखी एक तबकडी बनवली. काटा टिकटिक पुढे जातो, क्वचित एखाद्या वेळी दुप्पट उडी मारतो. ती उडी दिसली की कळ दाबायची. १९४८ साली त्यांनी छापलेले निष्कर्ष आजही प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहेत. पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढतात. हे तरुण, तंदुरुस्त, शिकलेले लोक होते. रामदासांच्या दिवसाचे तुकडे का पाडलेले होते, याचं उत्तर शोधणाऱ्याने मॅकवर्थना भेटावं.

२०१० साली किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट यांनी आयफोनवरून २२५० माणसांना दिवसातल्या अवेळी विचारलं: आत्ता काय करता आहात, आणि मन तिथेच आहे का? ४६.९ टक्के वेळा मन तिथे नव्हतं. भटकलेल्या वेळी लोक कमी आनंदी असल्याचंही त्यांना आढळलं आणि वर्तमानपत्रांनी तेवढंच उचललं. मला पहिला आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो. निम्म्याच्या आसपास वेळ जे घडतं त्याला विकार कसं म्हणायचं? त्याआधी २००१ मध्ये मार्कस रेकल यांच्या गटाने दाखवलं होतं की बाहेरचं काम नसताना मेंदूचे ठरावीक भाग उलट जास्त कामात असतात. रिकामं मन रिकामं नसतं. आठवणी, उद्याचे बेत, दुसऱ्याच्या मनात काय असेल याचे अंदाज, हे सारं तिथेच चालतं. कवी आणि गणिती भटकण्याच्या बाजूने साक्ष देतात. २०१२ च्या एका गाजलेल्या प्रयोगाने त्यांना दुजोरा दिला, नंतरच्या पडताळणीत मात्र तो निकाल तसा मिळाला नाही. हा वाद चालू आहे आणि या पुस्तकात दोन्ही बाजूंना जागा आहे.

या सगळ्यांत एक प्रयोग माझ्या मते कळीचा आहे. २०१२ मध्ये वेंडी हॅसेनकँप आणि सहकाऱ्यांनी ध्यानाचा सराव असलेल्या १४ जणांना एमआरआय यंत्रात झोपवलं. श्वासावर लक्ष ठेवायचं, आणि मन गेलं होतं असं ज्या क्षणी लक्षात येईल त्या क्षणी कळ दाबायची, मग पुन्हा श्वासावर यायचं. यातून चार टप्प्यांचं चक्र हाती आलं: भटकणं, ते ध्यानात येणं, वळणं, टिकणं. प्रत्येक टप्प्यात मेंदूतली वेगवेगळी जाळी कामात येतात. नवा साधक ‘ध्यानात येणं’ हा टप्पा अपयश म्हणून मोजतो आणि कंटाळून उठतो. खरं तर सराव होतो तो त्याच क्षणी. ज्याचं मन गेलंच नाही त्याने व्यायामच केला नाही.

इथे उत्साही वाचकाला थोडं थांबवायला हवं. या क्षेत्रात फुगवलेले दावे फार आहेत. २०१६ साली डॅनियल सायमन्स आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या व्यायामाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या खेळांवरचं संशोधन एकत्र तपासलं. त्या खेळांत माणूस त्या खेळांपुरता पटाईत होतो, रोजच्या आयुष्यात फरक पडल्याचा भक्कम पुरावा नाही, असं त्यातून निघालं. बुद्धिबळाने गणित सुधारेल का, या पालकांच्या प्रश्नालाही हेच सावध उत्तर द्यावं लागतं. ध्यानावरच्या संशोधनाचीही २०१८ मध्ये पंधरा अभ्यासकांनी मिळून झाडाझडती घेतली: नमुने लहान, व्याख्या सैल, तुलनेचे गट कमकुवत. वर सांगितलेला १४ जणांचा प्रयोगसुद्धा याच तराजूत घालावा. वेदपाठी पंडितांच्या मेंदूत काही भाग अधिक जाड आढळले, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. पाठांतराने ते झाले की तशा मेंदूची मुलंच पाठशाळेत टिकली, हे त्यावरून ठरत नाही. आपल्या परंपरेच्या बाजूचा निकाल आला की तो तपासायचा नाही, ही सवय घेऊन कोणी या दारातून आत येऊ नये.

आणखी एक गोष्ट पंचवटीत बसून विसरता येत नाही. शांत बसण्याची सोय इथे सगळ्यांना सारखी कधीच नव्हती. काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि तो जवळजवळ पाच वर्षं चालला. दार उघडलं नाही. ज्याला देवळात, घाटावर, पाणवठ्यावर पाऊल ठेवता येत नाही, त्याच्यापुढे एकाग्रतेचं प्रवचन करणं हा विनोद आहे. ज्या मनाला सतत अपमानाची आणि पोटाची राखण करावी लागते, त्याचं अवधान आधीच कामाला जुंपलेलं असतं. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. तेव्हा अवधानाच्या इतिहासात ‘कोण बसलं’ याबरोबर ‘कोणाला बसू दिलं नाही’ हेही लिहावं लागतं, आणि या पुस्तकातलं एक पूर्ण प्रकरण त्यासाठी राखलं आहे.

जिल्ह्यातच, इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं चालतात. म्यानमारमधून ही साधना घेऊन आलेले सत्यनारायण गोएंका उपदेशक म्हणून मोठे होतेच, पण व्यवस्थापक म्हणून मला ते अधिक मोठे वाटतात. पहाटे चारची घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद, नऊ दिवस मौन, फोन आणि पुस्तकं बाहेर ठेवायची, पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास. फी नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर नव्याचं जेवण. उषवदाताला हे लगेच समजलं असतं. दहा दिवसांनी घरी परतलेल्यांपैकी पुष्कळांचा सराव महिन्याभरात सुटतो, हे त्यांच्याकडूनच ऐकू येतं, आणि यात मला नवल वाटत नाही. मन तेच असतं. घंटा, स्वयंपाकी आणि शेजारी बसलेली माणसं तिथेच राहिलेली असतात.

अशी सोय धार्मिकच असावी लागते असं नाही. मनमाड-मुंबई पंचवटी एक्सप्रेसच्या पासधारकांनी आपल्यापुरता एक आदर्श डबा चालवून दाखवला: फोन सायलेंटवर, पत्ते कुटायचे नाहीत, मोठ्याने गप्पा नाहीत. भल्या पहाटे निघून रात्री परतणाऱ्या माणसांनी कोणत्याही ग्रंथाचा आधार न घेता काढलेला हा मठ आहे. मला तर तो टाकळीइतकाच अभ्यासण्यासारखा वाटतो.

सुरुवात कुठून करावी, असं प्रत्येक नवा विद्यार्थी विचारतो. पुस्तक उघडण्यापूर्वी एक साधी मोजणी करून पाहा. श्वास मोजा, एक ते नऊ. नऊ झाले की पुन्हा एकपासून. मोजणी हरवली तर वहीत एक रेघ ओढा आणि पुन्हा एकवर या. मॅडिसनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली याच धर्तीची मोजणी अवधान मापण्याचं साधन म्हणून तपासली आणि ती बऱ्यापैकी भरवशाची ठरली. रेघा कमी करण्याच्या मागे लागू नका. रेघ ओढली म्हणजे लक्षात आलं. मग जागा बदला: घरी, वाचनालयात, बुधवारच्या बाजारात गोदाघाटावर, निमाणी स्टँडवर बसची वाट पाहताना. कोणत्या जागी रेघा कशा पडतात ते पाहा. मग कोणी शेजारी बसलेलं असताना आणि नसताना. एवढं केलंत तर पुढच्या प्रकरणांतले वाद तुमच्यासाठी पुस्तकी राहणार नाहीत. संस्कृत येत नसेल तर अडत नाही, मेंदूशास्त्रही इथेच शिकता येईल. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय मात्र जवळ ठेवा, आणि मॅकवर्थचं घड्याळ कसं चालतं ते समजून घ्या.

उरलेलं काम पुष्कळ आहे. कुंभमेळ्याच्या गर्दीत, जिथे रामकुंडावर पाय ठेवायला जागा नसते, तिथे जप करणाऱ्याचं मन काय करतं, हे कोणी नीट पाहिलेलं नाही. लासलगावच्या कांदा लिलावात एकाच वेळी माल, बोली आणि चेहरे वाचणाऱ्या अडत्याचं अवधान कोणत्या जातीचं, हेही नाही. आणि येवल्याच्या पैठणी विणणाऱ्यांचं तर नक्कीच नाही. पदरावरचा मोर उतरवताना रंगारंगाचे धागे मोजून घ्यावे लागतात, एक धागा चुकला तर उसवावं लागतं, आणि हे महिनोन्‌महिने चालतं, घरात रेडिओ चालू असताना, पोरं ये-जा करत असताना, मध्येच गिऱ्हाईक आलं तर उठून बोलून पुन्हा त्याच धाग्यावर येऊन. पुन्हा नेमक्या त्याच धाग्यावर ते कसे येतात? आमच्यातल्या एकीने यासाठी येवल्यात विणकरांच्या घरी बसून नोंदी घेतल्या आहेत. पहिलं प्रकरण तिचं आहे.

पंचवटी, नाशिक